दगडी कोळशाचे तेल आणि भीमेचे पाणी

सोलापूर जिल्ह्यातील सामान्य शेतकऱ्याच्या आयुष्यात डिझेल आले ते विहिरीच्या काठाने. साताऱ्याच्या कूपर कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिने तयार होऊ लागली, १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि पुढील काही दशकांत दख्खनच्या विहिरींवरून मोट हळूहळू नाहीशी झाली. मोटेबरोबर नाडा, सोंदूर, धाव, थारोळे ही शब्दसंपत्तीही बोलण्यातून गेली आणि तिची जागा ‘इंजिन’ या एका शब्दाने घेतली. मोटेचे बैल शिवारातल्या कडब्यावर जगत. इंजिनाला लागणारे तेल मात्र शिवाराबाहेरून, बहुतांशी देशाबाहेरून येई. या परावलंबनाचा अर्थ या भागाला लवकरच कळला. १९७२ च्या दुष्काळात विहिरींनी तळ गाठला, आणि त्यातून माणसे सावरतात न सावरतात तोच १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलबंदी पुकारली. काही महिन्यांत खनिज तेलाचा जागतिक भाव जवळजवळ चौपट झाला. आधी उपसावयास पाणी नव्हते. पाणी आले तेव्हा ते उपसण्याचे तेल महागले होते.

जे तेल जमिनीतून निघत नाही ते आपण तयार करू शकतो काय, हा प्रश्न अशा अडचणीच्या वेळी प्रत्येक देशाला पडत आला आहे. त्याचे रासायनिक उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळाले आहे. नैसर्गिक वायू, दगडी कोळसा किंवा वनस्पतींचा पालापाचोळा यांपासून उत्तम प्रतीचे डिझेल बनविता येते. तरीही जगातल्या एकूण डिझेलमध्ये अशा डिझेलचा वाटा अत्यल्प राहिला आहे. असे का व्हावे, आणि ज्या जिल्ह्यात कोळशाचे वीजकेंद्र, साखर कारखाने, आसवन्या आणि उसाचे पाचट हे सारे एकत्र नांदते त्या आमच्या सोलापूरसाठी या इतिहासाचा अर्थ काय, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

प्रारंभी एका शब्दाविषयी. या इंधनाला मराठीत सामान्यतः ‘कृत्रिम डिझेल’ म्हटले जाते. ‘कृत्रिम’ या शब्दाला आपल्याकडे नकलीपणाचा वास आहे. कृत्रिम फुले, कृत्रिम हास्य, कृत्रिम टंचाई. वास्तविक हे डिझेल नकली नसते. ते खनिज डिझेलच्याच घराण्यातील कर्बोदकांचे... नव्हे, येथे शब्द जपून वापरावयास हवा, कारण कर्बोदके म्हणजे आपल्या ताटातील पिष्ट आणि साखर. हायड्रोजन व कार्बन यांच्या संयुगांना मराठी विज्ञानलेखकांनी ‘हायड्रोकार्बन’ हेच नाव ठेवले आहे. तर हे हायड्रोकार्बनच होत, फक्त निसर्गाने लाखो वर्षांत घडविलेले नव्हेत, तर कारखान्यात जुळवून आणलेले. म्हणून ‘संश्लिष्ट’ हा शब्द अधिक योग्य. ताटातील साखर आणि टाकीतील तेल यांची ही शाब्दिक जवळीक मात्र निव्वळ योगायोगाची नाही, हे पुढे दिसेलच.

संश्लेषणाची रीत थोडक्यात अशी. कोळसा किंवा पालापाचोळा पूर्ण जळू न देता, मोजका प्राणवायू आणि वाफ देऊन तापवला की त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचे मिश्रण निघते. नैसर्गिक वायूपासूनही हेच मिश्रण करता येते. ते गंधकापासून शुद्ध करून लोखंड किंवा कोबाल्ट या धातूंच्या उत्प्रेरकावरून उष्णतेत व दाबाखाली नेले की कार्बनचे अणू एकमेकांना साखळीसारखे जोडले जातात. छोट्या साखळीचा वायू, मध्यम साखळीचे पेट्रोल व डिझेल, लांब साखळीचे मेण. हे मेण पुन्हा तोडून त्याचेही डिझेल करता येते. जर्मनीतील म्युलहाइम येथील कोळसा संशोधन संस्थेत फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श या दोघांनी १९२५ च्या सुमारास ही रीत सिद्ध केली. त्याच्याही आधी फ्रीडरिश बेर्गिउस यांनी प्रचंड दाबाखाली कोळशात हायड्रोजन मिसळून त्याचे थेट तेल करण्याची दुसरी रीत शोधली होती. १९३१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना कार्ल बॉश यांच्यासमवेत मिळाले.

प्रयोगशाळेतील ही विद्या कारखान्यात आली ती हिटलरच्या राजवटीत. जर्मनीकडे कोळसा विपुल, तेल जवळजवळ नाही, आणि युद्ध तर करावयाचे. १९४४ च्या आरंभी जर्मन विमानांचे बहुतांश पेट्रोल कोळशापासून बनत होते. १२ मे १९४४ पासून अमेरिकन विमानांनी या कारखान्यांवर बॉम्बवर्षाव सुरू केला आणि काही महिन्यांत जर्मन विमानदल इंधनाअभावी जमिनीला खिळले. ही कथा युद्धेतिहासात नेहमी सांगितली जाते. तिची दुसरी बाजू अशी, की आउशवित्झच्या छळछावणीलगत मोनोविट्झ येथे आयजी फार्बेन या उद्योगसमूहाने कृत्रिम रबर आणि इंधन यांसाठी जो अवाढव्य कारखाना उभारावयास घेतला, तो कैद्यांच्या श्रमांवर. त्यांतील हजारो माणसे उपासमारीने आणि अतिश्रमाने मेली. प्रिमो लेव्ही हा इटालियन रसायनज्ञ लेखक तेथेच कैदी होता. संश्लिष्ट इंधनाच्या हिशेबात जी किंमत पुस्तकात लिहिली जात नाही, तिचे हे सर्वांत भीषण उदाहरण होय.

युद्धानंतर मध्यपूर्वेचे स्वस्त तेल जगभर पोहोचले आणि बहुतेक देशांनी कोळशाच्या तेलाचा नाद सोडला. एका देशाने तो धरून ठेवला. दक्षिण आफ्रिकेत १९५० साली सासोल ही कंपनी स्थापन झाली आणि १९५५ साली सासोलबर्ग येथे उत्पादन सुरू झाले. वर्णद्वेषी राजवटीभोवतीचा बहिष्कार जसजसा आवळत गेला तसतसे या कारखान्याचे महत्त्व वाढले. १९७९ च्या इराणी क्रांतीने त्या देशाचा उरलासुरला मोठा पुरवठादार गेला; १९८० आणि १९८२ साली सेकुंडा येथे आणखी दोन महाकाय प्रकल्प चालू झाले. १ जून १९८० रोजी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या सशस्त्र शाखेने सासोलच्या टाक्यांवरच हल्ला चढवला, यावरून ते तेल कोणाच्या सत्तेला पोसत होते हे स्पष्ट व्हावे. वर्णद्वेष १९९४ साली संपला. सेकुंडाची धुरांडी मागे राहिली. कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणाऱ्या जगातील सर्वांत मोठ्या एकेकट्या ठिकाणांत त्याची गणना होते.

या दोन उदाहरणांवरून एक सूत्र हाती येते. तेलाचे दार बाहेरून बंद झाले की राज्यसंस्था कोळशाकडे वळते, आणि या वळणाचा खर्च ज्याला नकार देण्याची सोय नाही अशा कोणाच्या तरी माथी बसतो. आता आपल्या देशाकडे पाहू.

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, हिंदुस्थानात पेट्रोलचे नियंत्रण आले. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती पडला आणि तेथल्या तेलविहिरीही गेल्या. तेव्हा येथल्या रस्त्यांवर कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी दिसू लागल्या. मोटारीच्या मागे पिंपासारखी भट्टी, तीत लोणारी कोळसा, आणि गाडी निघण्यापूर्वी हाताने पंखा फिरवून निखारा फुलवणारा क्लीनर. चढ आला की गाडीचा दम तुटे. त्या भट्टीतून निघणारा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजनच, फक्त हवेतल्या नायट्रोजनने पातळ झालेला. म्युलहाइमच्या प्रयोगशाळेतील मिश्रणाचा तो गावरान भाऊबंद होता असे म्हणावयास हरकत नाही. युद्ध संपले, पेट्रोल सुटले आणि या गाड्या विस्मृतीत गेल्या. आपल्या भाषेत मात्र वायू आणि तेल यांच्या नात्याची एक खूण त्याआधीपासून होती: ‘घासलेट’ या शब्दात ‘गॅसलाइट’ दडलेला आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली धनबादजवळ केंद्रीय इंधन संशोधन संस्था सुरू झाली. कोळशापासून तेल हाही तिच्या आस्थेचा विषय होता. परंतु १९७४ च्या फेब्रुवारीत मुंबईजवळच्या समुद्रात तेल सापडले, १९७६ साली बॉम्बे हायचे उत्पादन चालू झाले आणि दार पुन्हा किलकिले झाले. कोळशाच्या वायूकरणाचा मोठा प्रयोग या देशात झाला तो खतासाठी. तालचेर आणि रामगुंडम येथील कोळशावर आधारलेले खतकारखाने १९८० साली चालू झाले आणि १९९९ साली बंद पडले. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण शेकडा ३५ ते ४५ इतके असते. परदेशी भट्ट्यांना ही राख पचत नाही, हा धडा त्यातून मिळाला. पुढे २००९ साली टाटा आणि सासोल यांच्या संयुक्त कंपनीला ओडिशात कोळशाचा पट्टा मिळाला. रोज ८०,००० पिंपे तेल काढण्याचा तो बेत होता. कारखाना उभा राहिलाच नाही. २०२४ च्या जानेवारीत केंद्र सरकारने कोळशाच्या वायूकरणासाठी ८,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली असून २०३० पर्यंत वर्षाला १० कोटी टन कोळशाचे वायूकरण करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली दावोस येथे जे करार केले त्यांत चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीच्या कोळसा वायूकरण प्रकल्पाचाही समावेश होता. तेव्हा विषय केवळ इतिहासजमा झालेला नाही.

कोळशाखेरीज उरलेल्या दोन वाटांचे काय झाले? नैसर्गिक वायूची वाट यशस्वी झाली, पण ती फार मोठ्या भांडवलाला आणि अतिस्वस्त वायूलाच परवडली. मलेशियातील बिंटुलू येथे शेलने १९९३ साली मध्यम आकाराचा कारखाना काढला. कतारमधील पर्ल प्रकल्प २०११ साली सुरू झाला, त्याची क्षमता रोज १,४०,००० पिंपांची होती. वनस्पतींच्या वाटेने जर्मनीतील फ्रायबर्ग येथे कोरेन ही कंपनी गेली. लाकडापासून डिझेल काढण्याच्या तिच्या कारखान्याचे २००८ साली मोठ्या समारंभाने उद्घाटन झाले आणि २०११ साली कंपनीने दिवाळे काढले. लाकूड, पाचट, भुसा हे पसरट इंधन असते. ते गोळा करावे लागते, वाळवावे लागते, साठवावे लागते; कारखाना जितका मोठा तितका वाहतुकीचा घेर मोठा. लहान कारखाना परवडत नाही आणि मोठ्याला पुरेसा पाला मिळत नाही, असा हा पेच आहे.

आता सोलापूर. दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडी येथे एनटीपीसीचे १,३२० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. कोळसा शेकडो मैलांवरून रेल्वेने येतो आणि पाणी उजनीहून नळाने. माळीनगर आणि श्रीपूर येथे १९३० च्या दशकात जी साखर कारखानदारी रुजली ती आज जिल्हाभर पसरली आहे. तिच्याबरोबर मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या आसवन्या आल्या, चिपाडावर वीज करणारे प्रकल्प आले. शेजारच्या फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात उसाचे पाचट आणि चिपाड यांवर चालणारी वायूकरणाची भट्टी तयार करून दाखवली, गोड ज्वारीच्या रसापासून मद्यार्क काढला. रसायनाच्या दृष्टीने पाहिले तर संश्लिष्ट डिझेलसाठी जे जे लागते ते आमच्या अवतीभोवती आहे. उणीव आहे ती पाण्याची. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि सोलापूर शहराला वर्षानुवर्षे काही दिवसांआड पाणी मिळत आले आहे.

येथे थोडा हिशेब मांडू. कोळशापासून एक पिंप तेल काढण्यास सामान्यतः पाच ते सात पिंपे पाणी लागते असे धरले जाते. रोज १०,००० पिंपांचा, म्हणजे जगाच्या मानाने लहानसा कारखाना घेतला तर त्याला दिवसाला ८० लाख ते १ कोटी १० लाख लिटर पाणी लागेल. माणशी १३५ लिटर या नागरी प्रमाणाने ६०,००० ते ८०,००० माणसांचे ते पाणी झाले. आकडा भयंकर वाटतो. पण हेच पाणी उसाच्या मापाने मोजून पाहावे. एक हेक्टर उसाला एका हंगामात साधारण दोन कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे त्या कारखान्याचे वर्षभराचे पाणी दीडशे ते दोनशे हेक्टर उसाइतकेच! जिल्ह्यात उसाखालचे क्षेत्र लाखाहून अधिक हेक्टर आहे. नीती आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी खर्च होते असे नमूद केले आहे. कोळशाच्या तेलात लिटरमागे पाच-सात लिटर, उसाच्या इंधनात जवळजवळ तीन हजार लिटर. कारखान्याची तहान नळाच्या मीटरवर दिसते; शेताची तहान कोठेच नोंदली जात नाही.

याचा अर्थ कोळसा बरा असा कोणी घेऊ नये. कोळशाच्या डिझेलमधून, काढणीपासून जाळण्यापर्यंत, खनिज डिझेलच्या सुमारे दुप्पट कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि बिघडलेल्या पावसाचा पहिला फटका आमच्यासारख्या अवर्षणप्रवण मुलखालाच बसतो. आमचे म्हणणे एवढेच, की ‘हरित’ म्हणून जे इंधन पुढे केले जाते त्याचे पाणी कोणीतरी आधीच दिलेले असते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. पाचट आणि चिपाड हे अवशेष आहेत. ऊस साखरेसाठी लावला जातो, त्याचे पाणी साखरेच्या खाती जमा, मग उरलेल्या पाचटाचे डिझेल केले तर नवे पाणी कोठे लागले? शेतात पाचट पेटवून धूर करण्यापेक्षा ते भट्टीत गेलेले काय वाईट? तर्क बरोबर आहे, पण पाचटाला भाव नाही तोपर्यंतच. चिपाडाचा इतिहास पाहावा. बॉयलरमध्ये जाळून उरलेले चिपाड एकेकाळी अडगळ होती. सहवीजनिर्मिती आली आणि ते कारखान्याच्या ताळेबंदातील उत्पन्नाची बाब झाले. मळीचेही तेच झाले. प्रत्येक अवशेषाला किंमत आली की ऊस थोडा अधिक किफायतशीर होतो, तो आणखी काही शेतांत जातो आणि तेथली ज्वारी निघते. शिवाय पाचट जमिनीत कुजवले तर तेच ओल धरून ठेवते. ते उचलून नेले की पुढच्या खोडव्याला पाणी अधिक.

ज्वारीचा उल्लेख आम्ही भावुकतेने केलेला नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रातून निवडलेला मालदांडीचा वाण आजही रब्बी ज्वारीचा मानदंड मानला जातो. १९३३ साली सोलापुरात सुरू झालेल्या कोरडवाहू संशोधन केंद्राने याच जमिनीत, याच पावसात काय पिकू शकते याचा अभ्यास केला. परतीच्या पावसाची ओल काळ्या मातीत धरून हे पीक उभे राहते. ते धरणाकडे पाणी मागत नाही, आणि धान्याबरोबर कडबाही देते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. याच मंगळवेढ्याचे दामाजीपंत. पंधराव्या शतकातील दुष्काळात त्यांनी बादशाही कोठार भुकेल्यांना खुले केले असे परंपरा सांगते. कोठार कोणासाठी उघडावयाचे हा प्रश्न या भूमीत जुना आहे. मोटारीची टाकी हा त्याचा नवा दावेदार.

नव्या दावेदाराने दिलेली आश्वासनेही आम्ही पाहिली आहेत. २००३ साली नियोजन मंडळाच्या समितीने मोगली एरंडाच्या बियांपासून डिझेल काढण्यासाठी देशभर एक कोटीहून अधिक हेक्टरांवर लागवड सुचवली. (हे डिझेल संश्लिष्ट नव्हे, तेलावर प्रक्रिया करून केलेले, पण आशा तीच.) पडीक जमिनीत, पाण्यावाचून भरघोस येणारे झाड म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पाण्यावाचून ते जगले खरे, पण बी धरीना. लागवडीची योजना मोडीत निघाली. पुढे इथेनॉल आले आणि त्याने साखर कारखान्यांना रोख पैसा दिला, उसाची देणी चुकती करण्यास मदत केली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु २०२३ च्या पावसाने दगा देताच, ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. नंतर ती काहीशी शिथिल झाली आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुढील हंगामासाठी उठली. पाऊस हुकला की इंधनाचे धोरण हुकते, हे या एका वर्षात सर्वांना दिसले.

म्युलहाइमच्या प्रयोगशाळेपासून भद्रावतीच्या करारापर्यंतचा हा प्रवास पाहिल्यावर आमच्या मते एक गोष्ट निश्चित होते. संश्लिष्ट इंधन शक्य आहे काय, हा प्रश्न आता उरलेला नाही. ते तयार करताना कोणाचे काय खर्ची पडते, आणि ज्याचे खर्ची पडते त्याला विचारले जाते काय, हा खरा प्रश्न आहे. सोलापुरात हा खर्च भीमेच्या पाण्याचा आणि रब्बीच्या शिवाराचा असेल. ११७ टीएमसीचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले. ते शेतीसाठी बांधले, मग त्यावर शहरे आली, कारखाने आले, वीजकेंद्र आले. एखाद्या अवर्षणाच्या वर्षी धरण मृतसाठ्यात जाते तेव्हा या सर्वांत शेवटचा क्रमांक टोकाच्या शेतकऱ्याचा लागतो.

म्हणून या जिल्ह्यात पाचटाचे, चिपाडाचे किंवा कोळशाचे डिझेल करण्याचा प्रस्ताव जेव्हा येईल, तेव्हा लिटरचा भाव आणि नोकऱ्यांचा आकडा यांच्या आधी त्याचा पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जावा: कारखान्याचे पाणी वेगळे, शेताचे वेगळे, आणि दुष्काळी वर्षी यांपैकी कोणते प्रथम तोडले जाईल तेही लिहून. विहिरीवर इंजिन आले तेव्हा तेलाचा हिशेब कोणी कोणाला सांगितला नव्हता. तो १९७३ साली बाजाराने सांगितला. या वेळी तो आधी मागून घेणे आपल्या हाती आहे.